रांगेत उभे डबे

आमच्या लहानपणी नागपुरात रॉकेलच्या दुकानासमोर माणसं कमी आणि डबे जास्त उभे असायचे. दुकान उघडायच्या कितीतरी आधी कुणीतरी येऊन आपला पाच लिटरचा डबा ठेवून जायचं. मग दुसरा, मग तिसरा. ओळख पटावी म्हणून एखाद्याच्या मुठीला लाल चिंधी बांधलेली. मालक मंडळी समोर कडुलिंबाखाली गप्पा हाणत बसलेली. रांग सरकली की जवळ असेल तो पोरगा पायानं एकेक डबा वीतभर पुढे ढकलायचा. कुणाचा नंबर चुकला तर अख्खी गल्ली साक्षीला यायची. डबा रांगेत, माणूस मोकळा.

1999 साली अमेरिकेतल्या डिस्ने वर्ल्डनं ‘फास्टपास’ सुरू केला. राइडजवळच्या यंत्रात आपलं तिकीट घालायचं, की यंत्र एक चिठ्ठी द्यायचं: अमुक वाजल्यापासून तासाभरात परत या, तुम्हाला वेगळ्या दारानं आत घेऊ. तोवर हिंडा, खा, दुसऱ्या पाळण्यात बसा. जगानं याचं मोठं कौतुक केलं. पण ती चिठ्ठी म्हणजे आपला रॉकेलचा डबाच की! एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमालही त्याच कुळातला.

हे सगळं आठवायचं कारण आमची दिवाळीची सुट्टी. या वेळी खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं ठरलंय. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 ला पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला, तेव्हापासून नागपूरकराला मुंबईकडचं काहीही ‘इथंच तर आहे’ वाटायला लागलंय. दिवस ठरत आले, गाडी ठरली, आणि घोडं अडलं ते तिकिटावर. साधं घ्यायचं की एक्स्प्रेस? एक्स्प्रेस म्हणजे जादा पैसे भरा आणि काही ठरावीक राइड्सना वेगळ्या, आखूड रांगेतून आत जा. आम्ही सहा जण. मुलगी म्हणाली, “बाबा, घ्याच. नाहीतर दिवस रांगेतच जातो.” माझी आई तूर निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “काहून रे? झुल्यात बसाले पैसे, अन् झुल्यापाशी लवकर जाले आणखी पैसे?”

आईच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो आणि दोन रात्री त्यातच गेल्या. रांग ही इतकी नवलाची चीज असेल असं वाटलं नव्हतं.

रांगेचं गणित पाळण्यापाशी सुरू झालं नाही, टेलिफोनपाशी सुरू झालं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत आग्नर एर्लांग नावाचे गणिती होते. एक्स्चेंजमध्ये किती लाइनी ठेवल्या म्हणजे लोकांना फार ताटकळावं लागणार नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. 1909 मध्ये त्यांनी यावर पहिला निबंध छापला. फोन कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसतं, पण किती वेळ थांबावं लागेल याचा अंदाज मात्र बांधता येतो, हे त्यातून पुढं आलं. आजही फोनवरच्या वर्दळीचं एकक त्यांच्याच नावानं, एर्लांगमध्ये, मोजतात.

त्या गणितातली एक गोष्ट वाचून मी वही मिटून पाणी प्यायला उठलो. एकच खिडकी आहे, माणसं वेळीअवेळी येताहेत असं धरा. खिडकी निम्मा वेळच कामात असेल तर तिथं सरासरी 1 माणूस सापडतो. 80 टक्के वेळ कामात असेल तर 4. 90 टक्क्यांना 9. आणि 95 टक्क्यांना 19! गर्दी 80 वरून 95 वर गेली, म्हणजे पावपटीनंही वाढली नाही, आणि रांग जवळजवळ पाचपट झाली. ‘काल तर इतकी गर्दी नव्हती’ असं आपण म्हणतो ना, ते खरंच असतं. कालची गर्दी जराशीच कमी होती. रांग मात्र दुसऱ्याच जातीची होती.

दुसरं नाव जॉन लिटल. हे एमआयटीचे प्राध्यापक 2024 मध्ये वारले. रांगेच्या एका नियमाबद्दल एका विद्यार्थ्यानं वर्गानंतर त्यांना विचारलं, हा नियम सगळ्या रांगांसाठी सिद्ध करणं कितपत अवघड आहे? त्या प्रश्नाचा पाठपुरावा करून त्यांनी 1961 मध्ये सिद्धता छापली. नियम इतका साधा की शंका यावी: रांगेतली माणसं म्हणजे दर मिनिटाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाला लागणारी मिनिटं. उलटा करून आपल्या कामाला येतो. पुढची डोकी मोजा, मिनिटाला किती आत जातात ते पाहा, भागाकार करा.

मागच्या संकष्टीला आमच्या भागातल्या देवळाबाहेर करून पाहिला. पुढे 150 डोकी. घड्याळ लावलं, मिनिटाला 10 माणसं उंबरा ओलांडत होती. म्हणजे 15 मिनिटं. लागली 17. मधे एक काका ‘आमचा माणूस पुढे आहे’ म्हणत चार जणांना घेऊन शिरले, त्यांचा हिशेब मी धरला नव्हता.

आता हेच पाळण्याला लावू. एका राइडवर 24 जण बसतात आणि दर दोन मिनिटांनी एक फेरी सुटते असं धरा. तासाला 720 माणसं. हा आकडा पक्का. सकाळी तासाला 300 येतील तेव्हा तुम्ही चालत जाऊन बसाल. दुपारी 11 पासून तासाला 900 यायला लागले तर दर तासाला 180 माणसं शिल्लक राहणार. दोन वाजता 540 माणसं उभी, म्हणजे शेवटच्याला पाऊण तास. आणि येणारे 720 च्या खाली आल्याशिवाय ती रांग एका माणसानंही कमी होत नाही. दुपारचा साचलेला गाळ संध्याकाळपर्यंत उपसावा लागतो.

मग आरक्षणानं काय होतं? इथं खरी गंमत आहे. तीच राइड, तासाला तेच 720. त्यातल्या 500 जागा आरक्षणवाल्यांना दिल्या. साध्या रांगेला उरल्या 220. समजा साध्या रांगेत 220 माणसं उभी आहेत. आरक्षण नसतं तर ती 18 मिनिटांत आत गेली असती. आता शेवटच्याला तासभर लागणार. रांग तेवढीच दिसते, पण सरकत नाही. साधी रांग आणि आरक्षणाची रांग जिथं मिळतात तिथं दोरी धरून एक कर्मचारी उभा असतो. त्याच्या हाताकडे बघत उभं राहिलं की रक्तदाब वाढतो तो यामुळे.

म्हणजे आरक्षणानं कुणाचंही थांबणं नाहीसं होत नाही. तासाला 720 चे 721 होत नाहीत. थांबणं एकाच्या पायावरून उचलून दुसऱ्याच्या पायावर ठेवलं जातं, एवढंच. शिवाय चिठ्ठी घेतलेला माणूस रिकामा बसत नाही. तो दुसऱ्या पाळण्याच्या रांगेत जाऊन उभा राहतो. एक माणूस, दोन रांगा. रॉकेलच्या दुकानात डब्याचा मालक कडुलिंबाखाली बसायचा. तो तेवढ्या वेळात साखरेच्या रांगेत जाऊन उभा राहिला असता तर ती रांगही वाढली असती.

डिस्नेनं पुढे या चिठ्ठीचं काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. सुरुवातीला ती फुकट होती. 2021 पासून तिला पैसे पडू लागले. जुलै 2024 पासून ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये तीन राइड्सच्या वेळा घरबसल्या आधी ठरवता येतात. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना सात दिवस आधी, बाकीच्यांना तीन दिवस. न्यू जर्सीचे आपले देशी लोक सकाळी सातला फोन हातात धरून बसतात ते यासाठी. सुट्टी आहे की तत्काळ तिकीट, कळत नाही! तीन दिवसांनी दुपारी 2 वाजून 10 मिनिटांनी आपल्या पोराला भूक लागलेली असेल, शू आलेली असेल की झोप, हे आज कोण सांगणार?

आम्हा विदर्भातल्या लोकांना खरं तर आरक्षण नवं नाही. ताडोबाला जायचं तर गेट, तारीख, सकाळ की दुपार, सगळं आधी ठरवावं लागतं. जिप्सीत 6 पर्यटक, आणि गेटवरच्या जिप्सी मोजक्या. पण तिथलं आरक्षण आणि पाळण्याचं आरक्षण यांत फरक आहे, आणि निर्णय घेताना तोच फरक पाहावा. ताडोबात आरक्षण नसेल तर आत जाताच येत नाही. पाळण्यापाशी नसेल तर फक्त थांबावं लागतं. पहिल्याला पर्याय नाही. दुसऱ्याची किंमत मिनिटांत काढता येते: किती मिनिटं वाचतील, आणि त्या मिनिटाला आपण किती रुपये देतोय? शनिवार-रविवारी किंवा भाऊबिजेनंतरच्या चार दिवसांत राइडमागे पाऊण तास वाचला तर सौदा वाईट नाही. आडवारी सकाळी गेट उघडताना पोहोचलात तर जे वाचवायला पैसे भरले ते थांबणं तिथं नसतंच.

तिसरा एक मार्ग आहे, तो वारकऱ्यांचा. आषाढीला पंढरपूरची दर्शनबारी तासन्‌तास सरकते. ज्याला पदस्पर्श जमत नाही तो मुखदर्शन घेतो. तेही जमलं नाही तर बाहेरूनच कळसाला हात जोडतो, आणि वारी पोहोचली म्हणून समाधानानं माघारी फिरतो. मोठ्या पाळण्याचं कळसदर्शन घेऊन शेजारच्या बारक्या पाळण्यात चारदा बसलेलं पोर घरी येऊन तक्रार करत नाही, हा माझा अनुभव.

आणि थांबणं म्हणजे काही वेळ गेलाच असं नाही. शेगावला जाऊन या. रांग तिथंही असते, पण सेवेकरी ‘माउली, पुढे चला’ म्हणतो, माणूस सरकत राहतो आणि किती वेळ गेला ते कळत नाही. इमॅजिकाच्या रांगेतही बोलायला विषय आहे. तिथं ‘राजासॉरस रिव्हर अॅडव्हेंचर’ नावाची पाण्यातली सफर आहे. राजासॉरस हा खरोखरचा भारतीय डायनोसॉर. नर्मदेच्या खोऱ्यात सापडला, 2003 मध्ये त्याचं बारसं झालं. त्याच वर्षी आणखी एका डायनोसॉरला नवं नाव मिळालं, आयसीसॉरस. हा लांब मानेचा, झाडपाला खाणारा, आणि सापडला आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, डोंगरगावला. त्याच्या नावातलं ‘आयसी’ म्हणजे आयएसआय, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. गर्दीचं आणि रांगेचं गणित ज्या संख्याशास्त्रातून येतं, त्याच्या संस्थेचं नाव एका वैदर्भीय शेजाऱ्याला मिळावं! पोरांना हे सांगायला दहा मिनिटं सहज पुरतात. लिटलच्या हिशेबानं तेवढ्यात 120 माणसं पुढे गेलेली असतात.

तर आमचं काय ठरलं? तारीख हलवली. भाऊबिजेनंतरचा पहिला शनिवार सोडून पुढच्या आठवड्यातला बुधवार घेतला. मुक्काम आदल्या रात्री खोपोलीतच, म्हणजे गेट उघडताना दारात. सगळ्यात मोठी राइड पहिली, जेवण बाराऐवजी अकराला, आणि लोक जेवायला बसतील तेव्हा आपण पाळण्यात.

एक्स्प्रेस मुलीपुरतं तरी घ्यावं का, यावर शेवटपर्यंत चर्चा चालू होती. तेवढ्यात धाकट्याला आठवलं की मोठ्या राइड्सच्या दारात उंचीची पट्टी असते, आणि एक्स्प्रेस असो की साधं, तिथं सगळ्यांना सारखंच मापतात. मग दोघांना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं. मुलगी पट्टीच्या वर गेली. धाकटा दोन बोटं कमी भरला. मग ताई एकटी जाऊन काय करणार, म्हणून सहाही साधी तिकिटं काढली.