चांगल्या वर्तणुकीची हमी आणि ऊसतोडीचा हंगाम

गुन्हा शाबित झाला तरी माणसाला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचं, ही सोय आपल्याकडे १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ५६२नं आली. १९२३च्या दुरुस्तीनं ती रुंदावली. १९३८मध्ये, खेर मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबई प्रांतानं आपला स्वतंत्र प्रोबेशन (परिवीक्षा) कायदा केला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ला बीडसह मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दोनच वर्षांत संसदेनं १९५८चा अपराधी परिवीक्षा अधिनियम मंजूर केला. आज बीडच्या न्यायालयांत प्रोबेशनचा विचार होतो तो मुख्यतः याच कायद्याखाली.

या कायद्यामागची समज मोठी आहे. पहिल्यांदा चुकलेल्या तरुणाला तुरुंगातल्या सराईतांच्या संगतीत टाकलं तर तो सुधारण्याऐवजी बिघडेल. म्हणून २१ वर्षांखालच्या आरोपीला, गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल तर, कैद द्यायची झाल्यास न्यायाधीशाला कारणं लिहावी लागतात. रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६४मध्ये सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हीच भूमिका घेतली आणि वरच्या न्यायालयांनाही हा लाभ देता येतो, हे ठरवलं.

पण हमीवर सुटणं म्हणजे खटला मिटणं नव्हे. बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचं असतं. बोलावणं आलं की हजर राहायचं, शांतता राखायची, वर्तन चांगलं ठेवायचं. देखरेखीचा आदेश झाला तर तो किमान एक वर्षाचा, आणि मग परिवीक्षा अधिकाऱ्याच्या नजरेखाली राहावं लागतं. कुठे राहायचं, दारूपासून दूर राहायचं, अशाही अटी घालता येतात. अट मोडली तर न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. पहिल्या चुकीला पन्नास रुपयांपर्यंतचा दंड करून बंधपत्र चालूही ठेवू शकतं.

बीडमध्ये खरी अडचण राहण्याच्या अटीची. आरोपीचा किंवा जामीनदाराचा ठरलेला पत्ता किंवा नेहमीचा कामधंदा हवा, असं कायदा म्हणतो. इथं पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीच्या गावांतली जोडपी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कारखान्याच्या तळावरची कोपी (झोपडी) हेच त्यांचं घर. त्या काळात गावच्या पत्त्यावर आलेलं समन्स कोण घेणार? आणि उचल घेतलेल्या माणसानं फड सोडून तारखेला यायचं तरी कसं?

यावरची वाट कायद्यातच आहे. आरोपी पुढे जिथे राहण्याची शक्यता आहे, ते ठिकाणही न्यायालयाला धरता येतं. कलम ८प्रमाणे परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरून अटी बदलता येतात. वागणूक समाधानकारक असेल तर बंधपत्रातून मोकळंही करता येतं. म्हणून टोळी निघण्याआधी अधिकाऱ्याला भेटून कारखान्याचं नाव, तळाचा पत्ता आणि मुकादमाचा फोन लिहून द्यावा. न सांगता गेलेला माणूस कागदावर पळून गेलेला दिसतो.

जुन्या कलम ५६२च्या जागी १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३६० आलं, आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०१ लागू झालं. कलमांचे आकडे बदलले, पण १९५८च्या कायद्यातला एक आदेश मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: देखरेखीच्या अटी न्यायालयानं आरोपीला समजावून सांगायच्या आणि आदेशाची प्रत त्याला, जामीनदाराला व अधिकाऱ्याला लगेच द्यायची. नीट निभावलं तर कलम १२ शिक्षेमुळे येणाऱ्या अपात्रतेतूनही वाचवतं. एवढा मोठा लाभ हाती असताना, तो केवळ अट कळली नाही म्हणून कुणी गमावू नये. ती मजुराला त्याच्या बोलीत, त्याच्या हंगामाचा हिशेब धरून सांगणं ही मेहरबानी नाही, कायद्यानं घातलेलं काम आहे. आणि ती उमगेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारणं हा त्याचा हक्क आहे.