ज्येष्ठमध : गोडीचा अंमल आणि तिची मर्यादा

वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वी येथील काष्ठौषधींच्या दुकानी ज्येष्ठमधाची काडी मागणाऱ्या गिऱ्हाइकाची बहुधा अशी समजूत असते, की ही वस्तू आपल्याच रानातली असून, गोड आहे आणि बाळगुटीत चालते त्या अर्थी ती कोणीही कितीही दिवस घ्यावी. पैकी पहिले विधान सरळ चुकीचे आहे. ज्येष्ठमधाचा मुलूख इराण, अफगाणिस्तान, मध्य आशिया आणि उत्तर चीन हा होय. आपल्याकडे ते बहुतांशी आयात होते. आपल्या कुंपणांवर चढते ती गुंज. तिचा पाला विड्यात घालतात आणि तिची मुळी ज्येष्ठमध म्हणून खपवलीही जाते. मात्र तिच्या लाल-काळ्या बिया प्राणघातक विषारी आहेत.

दुसरी समजूत सुशिक्षितांची : चिनी वैद्य ज्याअर्थी जवळजवळ प्रत्येक काढ्यात ज्येष्ठमध घालतात, त्याअर्थी ते सर्वरोगहारक असले पाहिजे. घालतात हे खरेच. इसवी सन २००च्या सुमारास होऊन गेलेल्या चांग चुंगचिंगच्या ग्रंथातील ११३ योगांपैकी सुमारे ७० योगांत ते आहे. परंतु त्या शास्त्रात काढ्याची रचना दरबारासारखी मानतात : राजा, मंत्री, साहाय्यक आणि दूत, म्हणजे पेशवाईतला वकील, आणि तीव्र द्रव्यांचा कडकपणा उतरवून त्यांच्यात सलोखा राखण्याची ही वकिलीच बहुधा ज्येष्ठमधाकडे येते. कच्चे मूळ घशासाठी, मधात परतलेले दुर्बल पचनासाठी, असा भेदही तेथे आहे; शिवाय समुद्रशैवालासह चार द्रव्यांशी त्याचा संयोग निषिद्ध ठरवलेला आहे.

निरुपद्रवीपणाची समजूत मात्र सर्वांत घातक. ज्येष्ठमधाला गोडी देणारे ग्लिसिरायझिन, मूत्रपिंडात कॉर्टिसॉलला निष्प्रभ करणाऱ्या विकराला अडवते. मग कॉर्टिसॉल हे संप्रेरक, अंगात मीठ-पाणी राखणाऱ्या आल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाच्या गादीवर बसून अंमल चालवू लागते, अंगात सोडियम व पाणी साचते, पोटॅशियम मूत्रावाटे जाते, रक्तदाब चढतो, पाय सुजतात आणि प्रसंगी हृदयाची लय बिघडते. रेव्हर्स या डच वैद्याने १९४६ साली जठरव्रणावर ज्येष्ठमधाचा अर्क दिला तेव्हा व्रण भरले, पण काही रोग्यांना सूज आली. पोटऱ्यांतले गोळे घालवणारा पिओनी या फुलझाडाच्या मुळीचा व ज्येष्ठमधाचा प्रसिद्ध चिनी काढा लांबवला, तर पोटॅशियम उतरून त्याच स्नायूंची शक्ती जावी, हा दैवदुर्विलासच. युरोपातील तज्ज्ञांनी घातलेली मर्यादा दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिनची आहे. मुळीत ते शेकडा ४ धरले, तरी ३ ग्रॅम चूर्णात १२० मिलिग्रॅम भरते. सहाणेवरच्या एकदोन वेढ्यांचा दाखला (बालरोगतज्ज्ञ आता गुटीच नको म्हणतात, ते असो) प्रौढाच्या रोजच्या चमचाभर चूर्णाला लागू पडत नाही.

खोकल्याकरिता दोनचार दिवस काडी चघळण्यास निरोगी माणसाला सहसा प्रत्यवाय नाही. रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, गर्भवतींनी आणि मूत्रल औषधे किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी तज्ज्ञांच्या संमतीवाचून त्याच्या वाटेला जाऊ नये. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात असो वा तालुक्याच्या दवाखान्यात, रक्तदाब दाखवताना घरच्या काढ्याचे नाव सांगण्यास संकोच करू नये. चूर्ण सोडल्यावरही त्याचा परिणाम ओसरण्यास काही आठवडे लागू शकतात, तेव्हा ‘आता घेत नाही’ एवढ्यावरून ते सांगायचे टाळू नये.