दवाखान्यातून आणलेल्या गोळ्यांचं पाकीट आईच्या हातात हवं

ताईंनो, रहिमतपूरच्या गटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "पोरगं दिवसभर झोपूनच असतंय." मुलगा १६ वर्षांचा. गाडीवरून पडला, साताऱ्यात हाताचं ऑपरेशन झालं. गोळ्या तीन दिवसांच्याच होत्या, पण तीच चिठ्ठी दाखवून त्यानं परत आणल्या. पाकिटावर नाव होतं ट्रामाडॉल.

ही अफूच्या जातीची गोळी. ऑपरेशननंतर सुरुवातीला फार दुखतं, तेव्हा मोठ्या मुलांना डॉक्टर ती देऊ शकतात. त्यात घाबरण्यासारखं नाही. पण दिवस वाढले की शरीराला सवय लागते, म्हणून २०१८ पासून ती अमली पदार्थांच्या कायद्यात आहे. १२ वर्षांखालच्या मुलांना तर नकोच.

सुट्टी होतानाच विचारा, ही किती दिवस द्यायची आणि साध्या गोळीवर कधी यायचं? लाजू नका. बऱ्याच पाकिटांत ट्रामाडॉलबरोबर पॅरासिटामॉलही असतं. वरून आपण तापाची गोळी दिली की डोस दुप्पट होतो, लिव्हरला धोका. मूल हलवूनही जागं होईना, श्वास संथ झाला, झटके आले तर थेट १०८. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम तोडू नका, डॉक्टरांकडून कमी करून घ्या. त्या ताईंनीही तेच केलं.

आणि उरलेल्या गोळ्या सासूबाईंच्या गुडघ्यासाठी डब्यात ठेवायच्या नाहीत. केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२५ मध्ये सांगितलंय, ट्रामाडॉल उरलं तर संडासात टाकून पाणी ओतायचं.