आणीबाणीतल्या रिपोर्टवरून कोलेस्टेरॉल ठरवू नका

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावात मधुमेहाचा रुग्ण अत्यवस्थ झाला, की आधी सलाईन लागते आणि गरज पडली तर त्याला यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हलवावे लागते. या धावपळीत रक्तातल्या चरबीचीही तपासणी झाली, तर तिचे आकडे पाहून घरचे हबकतात. पण तो रिपोर्ट त्या घटकेचा असतो; त्यावरून माणसाचे नेहमीचे कोलेस्टेरॉल ठरवणे चूक आहे. इन्सुलिन बंद केले किंवा जंतुसंसर्ग झाला, की कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात आम्लधर्मी कीटोन साचण्याची गंभीर अवस्था) होऊ शकतो. इन्सुलिनअभावी साठवलेली चरबी वितळते आणि फॅटी अ‍ॅसिड यकृतात पोहोचतात. तिथे काहींचे कीटोन बनतात, तर काहींचे ट्रायग्लिसराइड होऊन पुन्हा रक्तात येतात. रक्तातली ही चरबी फोडणारे लायपोप्रोटीन लायपेज हे विकरही इन्सुलिनवाचून मंदावते. आवक वाढते, निचरा अडतो. एरवी 150 च्या आत असावे असे ट्रायग्लिसराइड काही रुग्णांत 1000 च्याही वर जाते आणि रक्तद्रव दुधाळ दिसतो.

इन्सुलिन सुरू झाले की हे चक्र उलटते आणि ट्रायग्लिसराइड बहुधा एक-दोन दिवसांतच झपाट्याने उतरू लागते. वाईट कोलेस्टेरॉलचा, म्हणजे एलडीएलचा, आकडा तर दुहेरी फसवा. तो अनेकदा सूत्राने काढतात आणि ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेले की ते सूत्र चालत नाही. शिवाय तीव्र आजारात एलडीएल तात्पुरते घटते, त्यामुळे खोटा दिलासाही मिळू शकतो.

मग तपासणी करायचीच कशाला, असे कोणी विचारेल. पोटात तीव्र दुखत असेल तर करायलाच हवी, कारण फार वाढलेल्या ट्रायग्लिसराइडमुळे स्वादुपिंडाला सूज येते आणि ती जिवावर बेतू शकते. नंतर आकडे सुधारले तर चरबीची गोळी नकोच, हाही गैरसमज. चाळिशीनंतरच्या बहुतेक मधुमेहींना हृदयाच्या रक्षणासाठी डॉक्टर स्टॅटिन सुचवतात. तो निर्णय वय आणि एकूण धोका पाहून होतो. गावाकडचा रुग्ण पुन्हा तपासणीला येईलच असे नाही, ही अडचण मात्र खरी. तिच्यावर उपाय म्हणजे शुगर तपासायला येण्याच्या दिवशीच चरबीची तपासणी उरकणे. म्हणून सुटी होताना डॉक्टरांना विचारा, शुगर आटोक्यात आल्यावर ही तपासणी पुन्हा कधी करायची, आणि ती तारीख कार्डावर लिहून घ्या. तोवर इन्सुलिन किंवा स्टॅटिन मनाने बंद करू नका.