वाऱ्यावरचा निरोप

अर्जुनी मोरगावहून गोठणगावकडे निघालं की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागतात, मधूनच एखादी बोडी, मग मोहाची झाडं. आणि मग अचानक पताका दिसतात. निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी, अशी पाच रंगांची कापडं एका दोरीत ओवलेली. हे नोर्ग्येलिंग, आपल्या भाषेत गोठणगावचा तिबेटी कॅम्प. 1972 साली ही वसाहत उभी राहिली तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी देशभरातले तिबेटी लोक या वसाहतीला अजून ‘भंडारा’च म्हणतात. इथली माणसं धान पिकवतात आणि थंडी पडली की स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. विदर्भातल्या कितीतरी घरांत पोरांचा पहिला लोकरी स्वेटर त्यांच्याच दुकानातून आलेला असतो.

त्या पताकांना तिबेटीत ‘लुंगता’ म्हणतात. ‘लुंग’ म्हणजे वारा, ‘ता’ म्हणजे घोडा. कापडावर छापलेली प्रार्थना वारा पाठीवर घेऊन जातो, अशी श्रद्धा. रेडिओसाठीही तिबेटीत याच ‘लुंग’पासून केलेला शब्द आहे, ‘लुंगत्रिन’, वाऱ्यावरचा निरोप. आपण ‘आकाशवाणी’ म्हणालो, त्यात वरून खाली येणारी वाणी आहे. निरोपात मात्र कुणीतरी कुणाला तरी काही कळवत असतं. गेली तीस-पस्तीस वर्षं तिबेटच्या बाहेरून तिबेटच्या आत जे रेडिओ प्रसारण चाललं, त्याला हा शब्द अगदी नेमका बसतो. या लेखाचा विषय तेच प्रसारण आहे.

मार्च 1959 मध्ये दलाई लामा ल्हासा सोडून भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो माणसं हिमालय ओलांडून आली. मागे राहिलेल्यांशी बोलण्याची वाट तेव्हापासून अरुंद होत गेली. तिबेटमध्ये वर्तमानपत्रं, रेडिओ, टीव्ही सगळं सरकारी. दलाई लामांचा फोटो घरात ठेवणं धोक्याचं, मग त्यांचं प्रवचन ऐकणं तर दूरच. आकाशवाणीच्या विदेश प्रसारण विभागाने तिबेटी भाषेत कार्यक्रम केले, पण या कामाला खरा जोर आला तो नव्वदच्या दशकात. 26 मार्च 1991 रोजी ‘व्हॉईस ऑफ अमेरिका’ची तिबेटी सेवा सुरू झाली. 1996 मध्ये ‘रेडिओ फ्री एशिया’ची तिबेटी सेवा आली. त्याच वर्षी नॉर्वेतल्या तीन संस्थांनी मिळून ‘व्हॉईस ऑफ तिबेट’ हे छोटं केंद्र काढलं. पहिल्या दोघांना अमेरिकन सरकारचा पैसा. तिसऱ्याचे कार्यक्रम धरमशालेत तिबेटी पत्रकारच तयार करतात.

परक्या देशाच्या पैशावर चाललेल्या रेडिओकडे संशयाने पाहावं, हे मला मान्य आहे. ‘रेडिओ फ्री एशिया’ या नावाचं एक केंद्र 1951 ते 1955 या काळात होतं आणि त्याला सीआयएचा पैसा होता. नव्या केंद्राने तेच नाव घेतलं, हे चिनी सरकार आजतागायत विसरलेलं नाही. पण ऐकणारा माणूस पैसा कुणाचा हे शेवटी पाहतो. गावात काल काय झालं ते खरं सांगितलं का, हे तो आधी पाहतो. मार्च 2008 मध्ये ल्हासात उद्रेक झाला आणि तिबेटी भागांतून परदेशी बातमीदारांना बाहेर काढण्यात आलं, तेव्हा आतल्या माणसांनी जिवावर उदार होऊन फोन केले ते याच केंद्रांना. कुठल्या मठाला वेढा पडला, कोणाला धरून नेलं, ते एका दरीतून शेजारच्या दरीत कळायला आवाज आधी हजारो मैल बाहेर जायचा आणि मग आभाळातून परत यायचा.

आपल्या मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. 25 नोव्हेंबर 1955 रोजी आंबोलीच्या जंगलातून असाच एक आवाज पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या गोव्यात शिरला होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी ट्रकवर प्रक्षेपक चढवून पोर्तुगीज आणि कोंकणीत बातम्या सुरू केल्या. पुढे मुक्काम कॅसल रॉकला हलला. गोव्यात वर्तमानपत्राची ओळ न् ओळ तपासली जात होती त्या काळात या दोघांनी सहा वर्षं जंगलात काढली, डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत. त्याआधी, 1942 साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी चालवलेला काँग्रेस रेडिओ तर तीन महिनेही टिकला नाही. 27 ऑगस्टला सुरू झाला आणि 12 नोव्हेंबरला पोलिसांनी दार फोडलं. आणीबाणीत आपल्याच घराघरांत बीबीसी लावून आवाज बारीक केला जायचा, ते आठवणारी माणसं अजून आहेत. माझे आजोबा त्यांतले. ते रेडिओला कान लावून बसायचे आणि आम्हा मुलांना अंगणात पिटाळायचे. त्यांना बातमी हवी होती आणि आम्ही ती शाळेत जाऊन सांगू ही भीतीही होती.

आता या यंत्राबद्दल थोडं. एफएमचा आवाज पन्नास-साठ मैलांत दम टाकतो. लघुलहरींचं, म्हणजे शॉर्टवेव्हचं तसं नाही. जमिनीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांनी भारलेला हवेचा एक थर आहे, आयनांबर. लघुलहरी त्यावर आदळून परत खाली येतात, मधले डोंगर, नद्या, सरहद्दी सगळं ओलांडून. दिवसा वरच्या मेगाहर्ट्झवर आवाज चांगला लागतो, रात्री खालच्या. म्हणून ताजिकिस्तानातल्या मनोऱ्यातून निघालेला ‘व्हॉईस ऑफ तिबेट’चा आवाज पामीरची शिखरं वरच्या वर पार करून ल्हासात उतरतो. धरमशालेत ध्वनिमुद्रण होतं, ते इंटरनेटवरून ताजिकिस्तानला जातं आणि तिथून लहरींवर तिबेटमध्ये. भारतातूनच का पाठवत नाहीत, असं कुणी विचारेल. आपल्याकडे आजही रेडिओवर बातम्या देण्याचा अधिकार आकाशवाणीपुरता राखलेला आहे. खासगी एफएमवाल्यांना आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा लावाव्या लागतात. तिबेटबद्दल लिहिताना ही गोष्ट मला दाबून ठेवायची नाही.

घेणाऱ्याच्या बाजूला लागतं काय, तर दोन सेलवर चालणारा एक लहानसा ट्रान्झिस्टर. तो कुठे नोंदवावा लागत नाही, त्यात सिमकार्ड नसतं, आणि तुम्ही काय ऐकलंत याची खूण मागे राहत नाही. कार्यक्रम संपला की काटा दुसरीकडे फिरवायचा. दारावर थाप पडली तर ल्हासा केंद्राची गाणी लागलेली असतात. टीव्हीची डिश मात्र छपरावर सगळ्या गावाला दिसते. जानेवारी 2013 मध्ये छिंघाय प्रांताच्या तिबेटी भागात सरकारने तीनशे टीव्ही जप्त केल्याची बातमी खुद्द तिथल्या सरकारी माध्यमानेच दिली होती, बाहेरचे कार्यक्रम बघतात म्हणून.

आवाज जप्त करता येत नाही, तेव्हा तो बुडवायचा. त्याच आकड्यावर, म्हणजे फ्रिक्वेन्सीवर, त्याहून मोठा आवाज सोडायचा, याला जॅमिंग म्हणतात. लघुलहरींचे जगभरचे शौकीन चीनच्या एका जॅमिंगला ‘फायरड्रेक’ म्हणून ओळखतात, म्हणजे आग ओकणारा ड्रॅगन. तो मी स्वतः ऐकला आहे. घराच्या गच्चीवर काटा सावकाश फिरवताना एकदम झांजा, ढोल आणि सनईसारखं कर्कश वाद्य असा गलका सुरू झाला. क्षणभर कुणाची वरात चालली आहे असंच वाटलं. नंतर लक्षात आलं की संगीत थांबतच नाही, कुणी निवेदक येत नाही, गाण्याचं नाव कुणी सांगत नाही. सुंदर वाद्यांचा असा वापर मी दुसरीकडे कुठे ऐकलेला नाही. त्या गलक्याच्या तळाशी, कान देऊन ऐकलं तर, एक माणूस बोलत होता. पुढे पुढे या संगीताच्या जागी चीनच्या सरकारी रेडिओचा मुख्य कार्यक्रमच वर चढवू लागले. 2000 साली चीनने ‘शीशिन’ नावाचा मोठा प्रकल्प हाती घेतला. तिबेट आणि शिनजियांगमध्ये सरकारी प्रसारणाचं बळ वाढवायचं आणि बाहेरचं थोपवायचं, हा त्याचा हेतू.

‘व्हॉईस ऑफ तिबेट’ने त्यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. लघुलहरींवरची केंद्रं साधारणपणे पाचाच्या पटीतले आकडे वापरतात, 15540, 15545 किलोहर्ट्झ, असे. हे केंद्र मुद्दाम मधलेच आकडे घेतं, आणि अर्ध्या तासाच्या आत एकदा-दोनदा आकडा बदलतं. जॅमर नव्या जागी येईपर्यंत काही मिनिटं मोकळी मिळतात. तेवढ्यात महत्त्वाची बातमी सांगून व्हायची. ऐकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. आवाज बुडाला की तो रेडिओ बंद करत नाही, बोटाने काटा केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसतो. शहरात जॅमरचा जोर जास्त, कारण ते जवळच असतात. दूरच्या कुरणांवर, याक चारणाऱ्याच्या तंबूत, आवाज बरा पोचतो.

आणखी एक गोष्ट झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या माणसाला चटकन कळेल. तिबेटी एक असली तरी ल्हासाची बोली वेगळी, खामची वेगळी, आम्दोची वेगळी, आणि एकाची दुसऱ्याला कळेलच असं नाही. ‘रेडिओ फ्री एशिया’ने बातम्या या तिन्ही बोलींत दिल्या. आपल्याकडे झाडीबोलीत नाटकं रात्र रात्र रंगतात, पण झाडीबोलीत कुणी बातम्या वाचल्याचं मी ऐकलेलं नाही. आम्दोच्या मेंढपाळाला जगाची बातमी त्याच्या आईच्या बोलीत ऐकू यायची, तेव्हा त्याला काय वाटत असेल, याची कल्पना मी गोंदियात बसून बऱ्यापैकी करू शकतो.

कॅम्पातल्या दुकानाच्या ओट्यावर एक आजी जपमाळ ओढत बसल्या होत्या. तिबेटीत आजीला ‘मोमो-ला’ म्हणतात, म्हणून मीही तशीच हाक मारली. त्या हसल्या आणि हिंदीत बोलू लागल्या. बहीण तिकडेच राहिली. मधली काही वर्षं वीचॅटवर तिचा चेहरा दिसायचा. जून 2020 मध्ये भारताने 59 चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात वीचॅट गेलं. गलवानच्या चकमकीनंतर ते होणारच होतं, पण देशभरच्या तिबेटी घरांत त्या रात्री जे तुटलं त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. ‘‘फोन पे तो हम सिर्फ मौसम पूछते थे,’’ त्या म्हणाल्या. कुणीतरी ऐकतंय हे दोघींना माहीत होतं. बर्फ पडला का, याक कसे आहेत, गुडघा दुखतो का. बाकीचं तिकडच्या बहिणीला लुंगत्रिनवरून कळत असेल, असं त्या धरून चालायच्या.

मग 2025 चा मार्च आला. 14 तारखेला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सरकारी प्रसारण विभाग शक्य तितका आटोपण्याचा आदेश काढला आणि 15 तारखेला ‘व्हॉईस ऑफ अमेरिका’च्या कर्मचाऱ्यांना रजेवर पाठवण्यात आलं. तिबेटी सेवेला चौतीस वर्षं पूर्ण व्हायला तेव्हा अकरा दिवस बाकी होते. ‘रेडिओ फ्री एशिया’चा निधी अडला, मे महिन्यात बहुतेक माणसं कमी केली गेली, त्यात तिबेटी सेवा होती, आणि 31 ऑक्टोबरला संस्थेने बातम्या देणंच थांबवलं. कोर्टात दावे चालले, निकाल आले, पुन्हा अपिलं झाली. तीन दशकं झांजा-ढोल वाजवून, मनोरे उभारून, टीव्ही जप्त करून जे साधलं नाही, ते वॉशिंग्टनमधल्या एका सहीने होत आलं. मला याचा राग आहे. सही करणाऱ्याला आपला खर्च वाचवण्याचा अधिकार आहे, पण ऐकणाऱ्याने तीस वर्षं जो धोका पत्करून कान दिला, त्याची किंमत त्या खर्चाच्या वहीत कुठल्याच रकान्यात नव्हती. नॉर्वेकरांचं छोटं केंद्र अमेरिकेच्या त्या विभागाखाली येत नव्हतं, म्हणून ते चालू राहिलं.

परवा संध्याकाळी गोठणगावच्या वाटेवर, वस्तीपासून थोडं दूर, बांधीच्या धुऱ्यावर मी रेडिओ काढला. एरिअल पूर्ण ओढलं, एकोणीस मीटरच्या पट्ट्यात काटा ठेवला आणि सावकाश सरकवत गेलो. आधी नुसती खरखर, मग चिनी भाषेत एक बाई ठासून बोलणारी. काटा केसभर उजवीकडे केला तशी ती मागे सरली आणि तिच्या खालून एक पुरुषाचा आवाज वर आला, घाईघाईने वाचणारा. मला त्यातला एक शब्द कळला, ‘पो’. तिबेटी लोक आपल्या देशाला तसं म्हणतात. चार मिनिटांनी बाईने त्याला पुन्हा गाठलं. मी काटा तसाच धरून थांबलो. मग अंगठ्याने थोडा डावीकडे नेला, आणि तिथे तो बोलत होता.