पोपटाचा तळवा आणि पिंजऱ्यातली दांडी

दिवसभर उभे राहून थकलेल्या माणसाला रात्री अंथरुणाचा आधार असतो; पोपटाला तो नाही. जागेपणी तो आपल्या देहाचा भार दोन इवल्या तळव्यांवर तोलतो, आणि निद्रेत तर पुष्कळदा एक पाय पिसांत ओढून घेऊन उरलेल्या एकावरच रात्र काढतो. रानात हा भार त्याला जाचत नाही, कारण तेथे कोणतीही फांदी सर्वत्र सारख्या जाडीची नसते, आणि पुढे दोन व मागे दोन अशा चार बोटांची त्याची पकड बैठक बदलली की बदलते, त्यामुळे तळव्याचा एकच भाग सदैव दबून राहत नाही. पिंजऱ्यात मात्र आपण त्याला गुळगुळीत, सरळ, एकाच जाडीची दांडी देतो, आणि दाब वर्षानुवर्षे त्याच त्या जागी पडत राहून तेथील रक्तपुरवठा मंदावतो.

शिकारी बाज पाळणाऱ्यांना शतकानुशतके परिचित असलेला ‘बंबलफूट’ नावाचा रोग येथे सुरू होतो. आपल्याकडचा कंठवाला पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा असल्यामुळे हे विवेचन बजरीगर, कॉकाटील, आफ्रिकी करडा अशा परदेशी मंडळींपुरतेच समजावे.

आरंभीची खूण अगदी नाजूक असते. निरोगी तळव्यावर बारीक खवल्यांची खरबरीत नक्षी असते. ती पुसट होऊन त्वचा गुलाबी व चकचकीत दिसू लागली, की ती धोक्याची वर्दी समजावी. पक्षी पिंजऱ्याच्या गजांवर चढतो तेव्हा त्याचे तळवे आयतेच नजरेस पडतात, पण पितळी पिंजऱ्याच्या झळाळीकडे पाहणारे मालक तेवढेच नेमके पाहत नाहीत! पुढे त्वचा भंगते, खपली धरते, आणि विष्ठेने माखलेल्या दांडीवरून स्टॅफिलोकॉकससारखे जंतू आत शिरतात. पक्ष्याचा पू पातळ होऊन वाहून जात नाही, तो खव्याच्या गोळ्यासारखा घट्ट होऊन बसतो. म्हणून गळू आपोआप फुटेल या आशेवर राहिल्यास संसर्ग स्नायुबंध व अस्थीपर्यंत पोहोचतो. शिवाय दुखरा पाय उचलून धरल्याने सारा भार दुसऱ्यावर पडतो आणि तोही फुटतो.

या अनर्थास केवळ दांडीच जबाबदार आहे असे मात्र नाही. निव्वळ सूर्यफुलाच्या बियांवर पोसलेला पक्षी एकीकडे लठ्ठ होतो आणि दुसरीकडे अ जीवनसत्त्वाला मुकतो. त्या अभावी त्वचा जाड, ठिसूळ होऊन चिरते. गाजर, लाल भोपळा, रताळे, शेवग्याचा पाला यांनी ही उणीव भरून निघते. औषधाचे थेंब मात्र स्वतःच्या अकलेने पाजू नयेत, कारण हे जीवनसत्त्व यकृतात साठते आणि अतिरेकाने विषवत ठरते.

इलाज पशुवैद्याच्या हातीच सोपवावा. सौम्य जंतुनाशकाने धुणे, मऊ पट्टी बांधणे, पुवाची तपासणी करून योग्य प्रतिजैविक देणे, प्रसंगी शस्त्रक्रियेने गोळा काढणे, अशी ही तजवीज अनेक आठवडे चालते. घरच्या तेलकट मलमांचा सोस टाळावा, कारण ती पिसांना लागून पिसांची ऊब घालवतात. पण दांडी तीच राहिली, तर या साऱ्या खटाटोपावर पाणी पडलेच म्हणून समजावे.

नखे झिजवण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वाळूकागदी दांड्यांनी नखे किती झिजतात हा प्रश्न अलाहिदा; तळवा मात्र खचित सोलवटतो. त्यापेक्षा फवारणी न झालेल्या पेरूच्या दोनतीन वाकड्यातिकड्या फांद्या धुऊन, वाळवून, निरनिराळ्या उंचीवर बसवाव्यात; बोटांनी वेढा घातला तरी थोडी जागा मोकळी राहील इतपत त्या जाड असाव्यात. पोपट त्या काही दिवसांतच कुरतडून टाकील. टाकू द्यावा, आणि दुसऱ्या आणून लावाव्यात.