ऑपरेशननंतरचे दुखणे सोसायलाच हवे का?

“डॉक्टर, ऑपरेशनला तयार आहे हो, पण नंतरच्या कळा सोसवतील का?” कॅन्सरमुळे लघवीची पिशवी काढावी लागणार, असे सर्जनने सांगितलेला रुग्ण फाईल घेऊन माझ्याकडे येतो, तेव्हा हाच प्रश्न विचारतो. सोबतची वडीलधारी मंडळी परस्पर उत्तर देतात, “दुखणारच. चार दिवस कळ काढायची!” सल्ला प्रेमाचा असला तरी हिताचा नाही.

या ऑपरेशनची चीर बहुधा बेंबीपासून खाली ओटीपोटापर्यंत असते. दुखेल म्हणून रुग्ण खोकत नाही, खोल श्वास घेत नाही, उठून चालत नाही. मग छातीत कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. मॉर्फीनसारखी औषधे दुखणे थांबवतात, पण त्यांनी मळमळ होते, गुंगी येते आणि आतडी मंदावतात. येथे तर आतड्याचाच तुकडा घेऊन लघवीसाठी नवी वाट करतात. म्हणजे आधीच सुस्त झालेली आतडी आणखी सुस्तावतात आणि पोट फुगते.

यावर उपाय म्हणजे ‘नर्व्ह ब्लॉक’. दाढ काढताना दंतवैद्य तेवढाच भाग बधिर करतात, तसेच हे. पोटाच्या भिंतीला संवेदना देणाऱ्या नसा कुशीतून, स्नायूंच्या दोन थरांमधून पुढे येतात. तेथे बधिर करणारे औषध सोडण्याची पद्धत आयर्लंडमधील डॉ. रफी यांनी २००१ मध्ये मांडली. आता भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत हे इंजेक्शन देतात. एका इंजेक्शनचा परिणाम काही तास, फार तर दिवसभर टिकतो. बारीक नळी ठेवली तर २-३ दिवस औषध देता येते. काही रुग्णांना पाठीतून दिले जाणारे ‘एपिड्यूरल’ अधिक योग्य ठरते.

ब्लॉकमुळे चिरेचे दुखणे कमी होते. पोटाच्या आतली कळ मात्र त्याने जात नाही. म्हणून पॅरासिटामॉलसारखी औषधे सोबत लागतातच, पण मॉर्फीनची गरज बरीच कमी होऊ शकते. नसेला कायमची इजा होणे अत्यंत दुर्मीळ आहे.

ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञांना स्वतःहून विचारा, “माझ्यासाठी ब्लॉक योग्य आहे का?” रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पूर्वी एखाद्या इंजेक्शनची ॲलर्जी आली असेल, तर जरूर सांगा. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. ब्लॉकनंतर कानात गुंजारव, जिभेला मुंग्या किंवा चक्कर जाणवल्यास लगेच कळवा. बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. भाजलेले कळणार नाही.

आणि दुखणे किती आहे, हे ० ते १० अशा आकड्यात सांगा. रात्री दोन वाजता दुखले, तरी सिस्टरना हाक मारायला संकोच करू नका.